कोमोडो कॅमेरा उडवायचाय : सहा मोटरचा हेक्सा बांधून घेऊ की रेडीमेड ड्रोन घेऊ?

वाईकर_फ्रेम
नमस्कार मंडळी. मी वाईला असतो, लग्नं, प्री-वेडिंग, बिल्डरांच्या साइटचे व्हिडिओ असली कामं करतो. मॅव्हिक २ प्रो ड्रोन आहे, त्याचा यूआयएन (सरकारी नोंदणी नंबर) आहे, माझं पायलट सर्टिफिकेट पण आहे. आमच्याकडे सिरियलवाले न् अ‍ॅडवाले बाराही महिने येतात हे तुम्हाला माहितीच असेल, त्यातल्या एका कॅमेरामन साहेबांनी परवा विचारलं की खाली आमचा रेड कोमोडो चालतो, वरून पण तोच उडवता का. मी म्हटलं बघून सांगतो आणि तेव्हापासून झोप नाही. तीन पर्याय डोक्यात आहेत, एक म्हणजे जुना मॅट्रिस ६०० प्रो (कंपनीचा तयार हेक्सा) मिळतोय, दुसरं एकजण कार्बन फ्रेमचा हेक्सा पिक्सहॉक (उड्डाण सांभाळणारा कंट्रोलर) टाकून बांधून देतो म्हणतोय, आणि तिसरं इन्स्पायर ३, जो एक डीलर "लगेच देतो" म्हणाला. बजेट ताणून ताणून बारा लाख, त्यातले निम्मे कर्जाचे. काय घ्यावं? आणि हेक्सापेक्षा आठ मोटरवाला ऑक्टो जास्त सेफ असतो का? घरचे म्हणतायत एवढ्या पैशात गाळा घे.

आरसी_काका
आधी वजनं मांड बाबा, मोटर मग मोज. कोमोडोची नुसती बॉडी साधारण ९५० ग्रॅम. त्यावर लेन्स अर्धा किलो धर, गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा स्टँड) दीड-दोन किलो, फोकस मोटर, व्हिडिओ ट्रान्समीटर, डॅम्पर प्लेट, वायरी, हे सगळं मिळून चार किलोला सहज टेकतं. मॅट्रिस ६०० प्रो सहा बॅटऱ्यांसकट साडेनऊ किलोचा, त्याची टेकऑफची मर्यादा साडेपंधरा, म्हणजे उचलेल, प्रश्न नाही. पण कंपनीचाच आकडा सहा किलो पेलोडला (खाली टांगलेल्या ओझ्याला) १६ मिनिटांचा आहे, तोही नव्या बॅटरीवर. तू तीस टक्के शिल्लक असताना उतरवणार (उतरवच!), वर जाऊन फ्रेम लावण्यात दोन मिनिटं, हातात काय राहिलं ते बघ. आणि एका उड्डाणाला सहा बॅटऱ्या, म्हणजे दिवसभराच्या शूटला बॅटऱ्यांची पेटीच. मॉडेल २०१६ चं, त्यामुळे सेल थकलेले किंवा फुगलेलेच मिळायची शक्यता जास्त.

सेफ्टीचं म्हणशील तर हेक्सा एक मोटर गेली तरी उतरतो हे सगळे सांगतात, पुढचं कुणी सांगत नाही. एक मोटर बंद पडली की कंट्रोलरला बॅलन्स ठेवायला समोरच्या मोटरचा जोर पण जवळजवळ काढून घ्यावा लागतो, म्हणजे सगळं वजन चारांवर. बारा किलोचं मशीन असेल तर एरवी प्रत्येकीला दोन किलो, आता तीन, वर वाऱ्याशी झगडायला शिल्लक पाहिजे ती वेगळीच. वजन काठोकाठ भरलेला हेक्सा मोटर गेल्यावर दगडासारखाच येतो खाली. ऑक्टोत शिल्लक जास्त मिळते हे खरं, पण आठ हात पसरले की गाडीत मावत नाही, आणि एकाखाली एक मोटर लावून एक्स८ केला तर खालच्या पंख्याला वरच्याने ढवळलेली हवा मिळते, तिथे बॅटरी फुकट जाते. उलट फ्रीफ्लायचा अल्टा एक्स बघ, चारच मोटर, पण पंखे मोठे न् हळू फिरणारे, पंधरा किलोपर्यंत उचलतो. तेव्हा मोटर मोजून सेफ्टी ठरत नाही.

अजून एक, तू वाईला. पाचगणी-महाबळेश्वरला काम निघणारच. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा बारा टक्के तरी विरळ, पंखा जास्त फिरवावा लागतो, वेळ अजून कमी होतो. कड्यावरून वर येणारा वारा तर विचारूच नको.

लाइन_प्रोड्यूसर_गोरेगाव
काकांचं सगळं बरोबर पण मी दुसऱ्या बाजूने सांगते कारण पैसे आम्ही देतो. कॅमेरामन कोमोडो पाहिजे म्हणतो तेव्हा दहातल्या नऊ वेळा त्याला पाहिजे असतं ते असं की खालचं फुटेज न् वरचं फुटेज एडिटला शेजारी बसलं पाहिजे. कलर जुळला पाहिजे, लेन्सचा अँगल जुळला पाहिजे, हायलाइट फाटले नाही पाहिजेत. त्यासाठी कोमोडोच उडवायची गरज नसते. कोमोडोचा सेन्सर सुपर ३५ (सिनेमाचा नेहमीचा साइझ) आहे, इन्स्पायर २ वर एक्स७ कॅमेरा लावला तर तोही सुपर ३५, ६के रॉ (कलर करायला मोकळं, कच्चं फुटेज) काढतो, लेन्स १६, २४, ३५, ५० मिळतात. मशीन जुनं आहे, मान्य, पण सिरियल न् रीजनल अ‍ॅडला आजही चालतं. अ‍ॅनामॉर्फिक (रुंद चित्राची) लेन्स पाहिजे किंवा डायरेक्टर हटूनच बसला तर जड कॅमेरा उचलणारा मोठा ड्रोन, म्हणजे लिफ्टर लागतो, आणि तेव्हा आम्ही तो क्रूसकट भाड्याने आणतो, वाईच्या एका माणसाने बारा लाख घालून ठेवलाय का हे कुणी बघत नाही.

दुसरं म्हणजे दोन माणसं. इन्स्पायरला पायलट वेगळा न् कॅमेरा ऑपरेटर वेगळा, दोन रिमोट. मॅव्हिकवर तूच उडवतोस न् तूच फ्रेम बघतोस, लग्नाला ठीक आहे. चालत्या गाडीचा शॉट असेल, गाडी वळतीये, घोडा मध्ये येतोय, तिथे एका माणसाला दोन्ही जमत नाही, आणि रीटेकचा खर्च तुझ्या दिवसाच्या पैशापेक्षा मोठा असतो. आम्ही ड्रोनवाला ठरवताना आधी हेच विचारतो की ऑपरेटर कोण आहे.

आणि बॅटऱ्या विमानातून नेता येतात का ते बघ. इन्स्पायरच्या १०० वॉट-अवरच्या आत बसतात, हँडबॅगेत जातात. मोठ्या हेक्साच्या १६,००० एमएएचच्या ६एस लिपो बॅटऱ्या साडेतीनशे वॉट-अवरच्या पुढे, त्या प्रवासी विमानात घेतच नाहीत. जैसलमेरला शूट असलं की तुझा हेक्सा आदल्या दिवशी टेंपोत.

वाईकर_फ्रेम
ताई दोन माणसांचा मुद्दा डोक्यातच नव्हता, माझा चुलत भाऊ गिंबल चांगला चालवतो, त्याला घेता येईल. मग मॅट्रिस बाद. पण इन्स्पायर २ जुना घेण्यापेक्षा थोडे अजून घालून सरळ ३ का नको? फुल फ्रेम, ८के, एकदाच काय तो खर्च.

घाटावरचा_पायलट
थांब, पैसे देऊ नकोस त्या डीलरला. ड्रोन आयातीवर बंदी आली ९ फेब्रुवारी २०२२ ला, सुटे पार्ट चालतात, अख्खा ड्रोन नाही, सुटा करून आणलेला किटपण नाही. सूट आहे ती संशोधन, डिफेन्स न् सिक्युरिटीला. इन्स्पायर ३ बाजारात आला एप्रिल २०२३ ला. दोन तारखा शेजारी ठेव आणि डीलरला विचार की हा आला कसा, कस्टमचा कागद दाखव. उडतो मस्तच, त्यात वाद नाही, पण यूआयएन कुठून आणणार? कागद नसलेल्या मशीनवर विमा मिळत नाही, आणि अ‍ॅडवाल्यांचा प्रोडक्शन मॅनेजर विम्याचा कागद मागतोच.

तो बांधून देणारा पण हे सांगणार नाही की ड्रोन रूल्स २०२१ प्रमाणे धंद्यासाठी उडवायच्या मशीनला टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलची सरकारी मंजुरी) लागतं, त्यातून २५० ग्रॅमच्या आतले नॅनो सुटतात. गॅरेजमध्ये एकच नग बांधला तर टाइप सर्टिफिकेट कोण काढणार? हौसेला बांधा, जरूर बांधा, बिल फाडायला नाही.

म्हणून ताई म्हणतायत तो इन्स्पायर २, पण ज्याला तेव्हाच यूआयएन मिळालाय असाच. आणि तुझ्या सर्टिफिकेटवर क्लास बघ. तुझा मॅव्हिक दोन किलोच्या आतला, म्हणजे मायक्रो. इन्स्पायर दोन किलोच्या वर, तो स्मॉलमध्ये जातो. फक्त मायक्रोचं असेल तर ट्रेनिंग सेंटरला परत जावं लागेल, ते आधी कर, मशीन नंतर.

आरसी_काका
घाटावरच्या साहेबांचं कायद्याचं पटलं, पण बांधणं अगदीच मोडीत काढू नका हो. स्वतः बांधलेल्याची मोटर गेली तर संध्याकाळपर्यंत बदलता येते, कंपनीचं मशीन बंद पडलं की पार्टसाठी महिना. सोनीने एअरपीक ड्रोन २०२१ ला आणला न् २०२५ ला विक्री बंद केली, घेतलेल्यांनी काय करायचं?

घाटावरचा_पायलट
काका ते बरोबर आहे, पण पोलीस चौकीत साहेब मोटर कुणी बदलली ते विचारत नाहीत, नंबर विचारतात.

एफपीव्ही_बारक्या
कोमोडोच उडवायचा तर सिनेलिफ्टर पण असतो ना, एक्स८ फ्रेमचा, गिंबलच नाही, सरळ कॅमेरा घट्ट बांधून, ड्रोनला दिसतं ते दाखवणारा गॉगल लावून उडवायचा. कड्यावरून डाइव्हचे शॉट तेच लोक घेतात. पण चार-पाच मिनिटांत बॅटरी संपते आणि हे शिकायला सिम्युलेटरवर पार घाम निघतो. कागदाचं दुखणं यालापण तेच, वर सांगितलं तसं.

वाईकर_फ्रेम
ओके, माझा क्लास मायक्रोच आहे, आत्ता बघितलं. ट्रेनिंगची चौकशी करतो, साहेबांना सांगतो की कोमोडो पाहिजे असेल तर लिफ्टर भाड्याने आणू, मी लोकेशनला सोबत राहीन. इन्स्पायर २ एक्स७ सकट एकाकडे आहे असं कळलंय, यूआयएन आहे म्हणतो. बघायला गेलो तर काय काय बघू?

आरसी_काका
बॅटऱ्या आधी. अ‍ॅपमध्ये प्रत्येक बॅटरीची चार्ज सायकल दिसते आणि सेलचे व्होल्टेज वेगवेगळे दिसतात. फुल चार्जवर सगळे सारखे दिसतील, फसू नको. जोडी लावून दहा मिनिटं हवेत ठेवायला लाव आणि उतरल्यावर बघ, एखादा सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली गेला असेल तर ती जोडी शून्य रुपयाची धरून भाव कर. मग पाय वरखाली करून बघ, आवाज ऐक. पंखे हाताने फिरवून बेअरिंग खरखरतंय का बघ. एक्स७ ने उभा खांब किंवा इमारतीची कड शूट कर न् मोठ्या स्क्रीनवर बघ, कडा जेलीसारखी हलत असेल तर डॅम्पर गेलाय किंवा मोटर वाकडी आहे.

घाटावरचा_पायलट
बॉडीवरचा सीरियल नंबर न् यूआयएनच्या कागदावरचा नंबर स्वतः जुळवून बघ, फोटोवर विश्वास नको. यूआयएन ऑनलाइन तुझ्या नावावर ट्रान्सफर करावा लागतो, ते मालकाच्या लॉगिनमधून होतं, तो समोर बसलेला असतानाच करून घे. तोपर्यंत टोकन सोडून एक रुपया जास्त देऊ नको.