फोर हॉर्समेन : कोणत्या चांडाळचौकडीपासून सुरुवात करू?

अर्धवट_पैलवान

मंडळी, सल्ला हवाय. आमची पिढी टेन स्पोर्ट्सवर डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीतली 'इव्हॉल्यूशन' ही टोळी बघत वाढली. ट्रिपल एच, ऑर्टन, बटिस्टा आणि त्यांच्यामागे सूटबूट घालून 'वूऽऽ' करणारे पांढऱ्या केसांचे आजोबा. रिक फ्लेअरशी आमची ओळख एवढीच. आता कळतंय की आजोबांची ऐन उमेदीत 'फोर हॉर्समेन' नावाची स्वतःची टोळी होती आणि इव्हॉल्यूशन तिच्याच साच्यातून काढलेली.

पण शोधायला बसलो आणि डोकं गरगरलं. १९८५ ते १९९९ एवढ्या काळात नाव तेच, माणसं सारखी बदलतायत. कुणी ओल अँडरसनची शपथ घेतंय, कुणी लूगरची, कुणी विंडहॅमची. माझ्याकडे पावसाळ्यातले थोडे शनिवार-रविवार आहेत, सगळं बघून होणार नाही. सर्वात भारी चौकडी कोणती आणि सुरुवात कुठून करू? कारणं द्या. 'सगळंच भारी, बघून टाक' असले प्रतिसाद नकोत. लिंकाही नकोत, शोधायचं माझं मी बघतो.

खवचट

पॉल रोमा असलेली सोडून कुठलीही.

निळा_कोपरा

१९८८. फ्लेअर, आर्न अँडरसन, टली ब्लँचर्ड, बॅरी विंडहॅम आणि मॅनेजर जे. जे. डिलन. यात चर्चेसारखं काही आहे असं मला वाटतच नाही.

विंडहॅम म्हणजे सहा फूट सहा इंचांचा माणूस, पण रिंगमध्ये हलका. त्याआधी तो चांगल्या बाजूला होता आणि फ्लेअरबरोबरच्या त्याच्या लांबलचक मॅचेस आजही बघण्यासारख्या आहेत. मार्च १९८८ मध्ये पहिल्या 'क्लॅश ऑफ द चॅम्पियन्स'ला त्याने आणि लेक्स लूगरने आर्न-टलीकडून टॅगचे, म्हणजे जोडीच्या विजेतेपदाचे, बेल्ट घेतले. महिना उलटायच्या आत, एप्रिलमध्ये, याच विंडहॅमने भर मॅचमध्ये लूगरवर हात टाकला. बेल्ट परत आर्न-टलीकडे. मेमध्ये त्याने युनायटेड स्टेट्सचा बेल्टही जिंकला. म्हणजे वर्ल्ड, यूएस आणि टॅग, सगळं सोनं एका टोळीकडे. धागाकर्ते, डिसेंबर २००३ मधलं 'आर्मगेडन' आठवतं का? त्या रात्री इव्हॉल्यूशनच्या चौघांकडे बेल्ट होते. ती कल्पना इथून आलेली.

आणि २०१२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने हॉर्समेनना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा कोणाला बोलावलं? हेच चौघे आणि डिलन. विषय संपला.

गावठी_सुप्लेक्स

विषय संपला कसा? आत्ता तर सुरू होतोय.

निळा कोपरा, कुस्ती कोण चांगली करतो हाच प्रश्न असेल तर तुमचं म्हणणं मान्य, ८८ची चौकडी वरचढ. पण धागा खलनायकांच्या टोळीचा आहे ना? मग मोजमाप वेगळं लावा. त्यांनी कोणाचं काय वाकडं केलं, आणि ते बघून माणसं किती पेटली? या हिशेबाने पहिल्या चौघांच्या जवळपास कोणी येत नाही. फ्लेअर, आर्न, टली आणि ओल.

सुरुवात २९ सप्टेंबर १९८५पासून. अटलांटाच्या ऑम्नीमध्ये पिंजऱ्यात फ्लेअरची निकिता कोलॉफशी मॅच. मॅचनंतर रशियन मंडळी फ्लेअरला तुडवायला लागतात आणि डस्टी ऱ्होड्स त्याला वाचवायला धावतो. हाडवैरी असून धावतो हो! फ्लेअर काय करतो? उठून त्यालाच धरतो. ओल आणि आर्न आत येतात, पिंजऱ्याचं दार बंद, आणि तिघे मिळून डस्टीचा घोटा मोडतात. मदतीला आलेली माणसं बाहेरून जाळीवर चढतायत आणि आत शिरता येत नाहीये. हॉर्समेन हे नावसुद्धा तेव्हा पडलेलं नव्हतं. ते पुढे आर्नच्या एका मुलाखतीतून आलं, पण टोळी जमली ती त्या पिंजऱ्यात.

यानंतर डस्टीने जे भाषण केलं ते 'हार्ड टाइम्स' म्हणून प्रसिद्ध आहे. ते आधी ऐका, मग मॅचेसकडे वळा. फ्लेअर सूट, रोलेक्स आणि लिमोझिनच्या गोष्टी करणारा. डस्टी प्लंबरचा पोरगा, पोट सुटलेला, बोलण्यात किंचित बोबडेपणा. तो म्हणतो, कापड गिरण्यांतली माणसं बेकार झालीत, मोटारीच्या कारखान्यातल्यांना घरी पाठवतात, तीस वर्षं राबलेल्या माणसाला घड्याळ देऊन हाकलतात आणि कॉम्प्युटरने त्याची जागा घेतली म्हणतात, ही खरी हलाखी. कॅरोलायनातल्या गिरण्या तेव्हा खरोखरच बंद पडत होत्या. गिरणगावात वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आता या माणसाचा पाय मोडणाऱ्यांबद्दल लोकांना काय वाटलं असेल?

आता ओल. नुसता दिसण्यावर जाऊ नका. तेव्हा तो ४३ वर्षांचा, टक्कल पडत आलेला, चेहऱ्यावर कायम चिडका भाव. बाकी तिघे चकचकीत आणि हा त्यांच्यात सावकाराबरोबर वसुलीला येणाऱ्या माणसासारखा. जीन अँडरसनबरोबर वर्षानुवर्षं त्याने एकच काम केलेलं: समोरच्याचा एक हात पकडायचा आणि मॅच संपेपर्यंत त्याच हाताची वाट लावायची. उड्या नाहीत, नखरे नाहीत. तो असला की टोळीची भीती वाटते. विंडहॅम असला की टोळीचं कौतुक वाटतं. मला खलनायकांची भीती वाटायला हवी.

निळा_कोपरा

भाषण ऐकलंय हो. पण ओलच्या मॅचेस आज लावून बघा. दहा मिनिटं हात पिरगाळतोय. नवीन माणूस झोपेल.

गावठी_सुप्लेक्स

ज्याचा हात आहे तो झोपत नाही ना, झालं तर.

शार्लटकर

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं नॉर्थ कॅरोलायनात आहे, म्हणून थोडी स्थानिक माहिती. जिम क्रॉकेट प्रमोशन्स, म्हणजे हॉर्समेनची मूळ कंपनी, आमच्या शार्लटची. तिच्या ऑफिसच्या पार्किंगमध्येच १९८६ मधला तो प्रसिद्ध हल्ला चित्रित झाला. तो मॅच नसल्यामुळे यादीतून निसटतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

हॉर्समेन गाडीत बसून डस्टीचा पाठलाग करतायत आणि कॅमेरावाला त्यांच्याच गाडीत. म्हणजे आपण बघणारेही गुंडांच्या मागच्या सीटवर! डस्टी उतरतो, हे उतरतात, त्याला ट्रकपाशी जखडतात आणि बॅटने त्याचा हात फोडतात. ना घंटा, ना रेफरी, ना कॉमेंटरी. भर उजेडात, साध्या कपड्यांत. आज मोबाईलवर असले व्हिडिओ रोज दिसतात, पण १९८६ सालच्या कुस्तीच्या कार्यक्रमात हे बघणाऱ्याचं काय झालं असेल!

गंमत अशी की हे सगळं रचणारा स्वतः डस्टीच. कंपनीचा बुकर तोच होता. कोणी कोणाला मारायचं, कोणी जिंकायचं हे ठरवणारा माणूस, आणि त्याने स्वतःचा आधी पाय आणि मग हात मोडून घेतला.

अवांतर: इकडे फ्लेअर खलनायक असूनही लाडका. ऑफिसातले साठीला टेकलेले सहकारी डस्टीचे चाहते म्हणवतात आणि फोटो काढताना हॉर्समेनची खूण म्हणून चार बोटं वर करतात. विचारलं तर म्हणतात, फ्लेअर आपला माणूस आहे.

सोमवारची_रात्र

लूगरचं नाव घ्यायला सगळे लाजतायत का?

१९८७ ची चौकडी बघ मित्रा. ओलला बाहेर काढलं, कारण काय तर तो मुलाची कुस्ती बघायला गेला आणि टोळीच्या कामाला आला नाही. इतका हलकट बहाणा! त्याच्या जागी लेक्स लूगर. अंगाने देखणा, कुस्तीत कच्चा, मान्य. पण याच चौघांनी पहिली 'वॉरगेम्स' खेळली, ४ जुलै १९८७, पुन्हा ऑम्नीच. दोन रिंगा शेजारी शेजारी आणि दोन्हींवर मिळून छत असलेला एकच पिंजरा. आधी दोघे पाच मिनिटं लढतात, मग नाणेफेक, आणि दर दोन मिनिटांनी आलटून पालटून एकेक जण आत. नाणेफेक अर्थात खलनायकच जिंकणार, म्हणजे कायम एक माणूस जास्त. दहाही आत आल्यावरच खरी मॅच सुरू, आणि संपणार ती कोणी शरण आलं तरच. इथे पिन, म्हणजे खांदे टेकवून जिंकणं, नाही.

त्या दिवशी हॉर्समेनकडून पाचवा माणूस म्हणून डिलन. सूट घालून फिरणारा मॅनेजर, समोर रोड वॉरियर्ससारखी धिप्पाड जोडी. शेवटी तोच शरण आला, आणि त्याच्या खांद्याला झालेली इजा खरी होती. त्यामुळे महिन्याअखेरच्या मायामीतल्या वॉरगेम्सला त्याच्या जागी दुसरा माणूस घ्यावा लागला. एकच मॅच बघायला वेळ असेल तर ही बघ.

निळा_कोपरा

वॉरगेम्स भारी, पण ती लूगरमुळे नाही. त्याला काढून तिथे कपड्यांचा स्टँड उभा केला असता तरी मॅच तेवढीच रंगली असती.

सोमवारची_रात्र

स्टँडने लूगरचा टॉर्चर रॅक डाव लावून दाखवावा.

सईची_आई

माझ्या मते सगळे चुकीच्या खुर्चीबद्दल भांडताय. चौथा कोण हा वाद चालू राहू दे, पण हॉर्समेनचा जीव आर्न आणि टलीत आहे. फ्लेअरला सगळे ओळखतात, चौथा बदलत राहतो, आणि रोजचं काम हे दोघे करतात. ८८च्या सप्टेंबरात हे दोघे टॅग बेल्ट हरून डब्ल्यूडब्ल्यूएफला (आजचं डब्ल्यूडब्ल्यूई) गेले आणि फ्लेअर-विंडहॅम हे दोन मोठे कुस्तीगीर शिल्लक असूनही चौकडी संपली. बघा विचार करून.

टलीसाठी क्रॉकेट कंपनीचा मोठा शो 'स्टारकेड ८५' बघाच. मॅग्नम टी. ए. विरुद्ध टली, पिंजऱ्यात, 'आय क्विट' मॅच. हार मानली हे माइकवर बोलून दाखवायचं. पण तोच माइक हाणायला वापरतात, त्यामुळे प्रत्येक फटक्याचा ठोका आणि दोघांचं धापा टाकणं हॉलभर ऐकू येतं. शेवटी एक लाकडी खुर्ची आत येते, ती मोडून तिचा अणकुचीदार तुकडा टली मॅग्नमच्या डोळ्याकडे नेतो. मग तोच तुकडा मॅग्नमच्या हातात जातो आणि टलीच्या कपाळात रुततो. टली किंचाळून हार मानतो. मी ती दुसऱ्यांदा बघू शकले नाही, आणि हे मी कौतुकाने म्हणतेय. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात मोटार अपघातात मॅग्नमची कारकीर्द संपली, त्यामुळे आता बघताना आणखी जड जातं.

आर्नसाठी मॅच नाही, मुलाखती बघा. तो ओरडत नाही. बँकेतला साहेब कर्ज नाकारतो त्या आवाजात सांगतो की तुझं काय होणार आहे. आणि त्याचा स्पाइनबस्टर! समोरचा धावत येतो आणि पुढच्या क्षणी पाठीवर असतो.

खवचट

ताई, पॉल रोमावरही दोन शब्द होऊन जाऊ द्या.

सईची_आई

१९९३, ती जागा टलीची होती, पैशांवरून त्याचं जमलं नाही. झाले का दोन शब्द?

नव्वदीचा_नमुना

नव्वदच्या दशकाला इतकं हिणवू नका राव. १९९५-९६ मध्ये फ्लेअर, आर्न, ब्रायन पिलमन आणि ख्रिस बेन्वा असे चौघे होते. पिलमन तेव्हा असा काही वागत होता की हा नाटक करतोय की खरंच सुटलाय हे कंपनीतल्या लोकांनाही कळेना. ही टोळी पुरेशी टिकली असती तर ८८च्या पंगतीला बसली असती. पण फेब्रुवारी ९६ मध्ये पिलमन कंपनी सोडून गेलाच.

बेन्वाने २००७ मध्ये बायको-मुलाचा खून करून आत्महत्या केली, तेव्हापासून त्याला बघणं मलाही जमत नाही. ज्याला जमत नाही त्याने ही फळी सरळ सोडावी, काही बिघडत नाही. मात्र १४ सप्टेंबर १९९८चं ग्रीनव्हिलचं 'नायट्रो' (कंपनीचा सोमवारचा टीव्ही शो) सोडू नये. आर्न एकेकाला बाहेर बोलावतो, शेवटी फ्लेअर येतो, साऊथ कॅरोलायनाची पब्लिक छप्पर उडवते आणि फ्लेअर रडतो. नंतर तो बॉस एरिक बिशॉफवर जो सुटतो, ते बघाच. या प्रसंगात मॅच नाही.

अर्धवट_पैलवान

सगळ्यांना धन्यवाद. आता दोन शंका. एक, निळा कोपरा, तुमची ८८ची चौकडी एप्रिल ते सप्टेंबर, म्हणजे जेमतेम पाच महिने? एवढ्यावर सर्वोत्तम? दोन, ८५पासून बघत ८८पर्यंत यायला जमेल का, की आधी ८८ बघून मागे जाऊ?

निळा_कोपरा

पाच महिनेच. पण त्यात कंटाळवाणा आठवडा दाखवा. बाकी, गावठी सुप्लेक्स यांची एक गोष्ट मान्य करतो: ८८मध्ये समोर डस्टी आधीसारखा राहिला नव्हता आणि क्रॉकेटची कंपनीही बुडत चालली होती. नोव्हेंबरात ती टीव्हीवाल्या टेड टर्नरने विकत घेतली. चौकडी सरस होती, त्यांना मार खायला लायक माणसं उरली नव्हती.

गावठी_सुप्लेक्स

हेच तर मी म्हणतोय!

पैलवान, क्रम असा लाव. आधी ऑम्नीचा पिंजरा, लगेच 'हार्ड टाइम्स', मग आय क्विट. 'स्टारकेड ८५'ची मुख्य मॅच, डस्टी विरुद्ध फ्लेअर, बघितलीस तर डोकं फिरवून घ्यायची तयारी ठेव: डस्टी जिंकला म्हणून लोक नाचत घरी गेले आणि नंतर निकाल फिरवला. मग पार्किंग. मग थेट पहिली वॉरगेम्स. एवढं झालं की विंडहॅम फिरतो ती एप्रिल ८८ची मॅच लाव. लूगरचा चेहरा बघताना कळेल की आधीचं सगळं का बघायला लावलं. उलट क्रमाने गेलास तर विंडहॅम नुसता चांगला कुस्तीगीर वाटेल.

सोमवारची_रात्र

क्रमाला +१. वॉरगेम्स मात्र मोबाईलवर बघू नको. दोन रिंगा, दहा माणसं, काही दिसत नाही.

शार्लटकर

आणि मधेमधे टीबीएस वाहिनीवरच्या शनिवारच्या कार्यक्रमाचे तुकडे टाक. छोटासा स्टुडिओ, कॉमेंटरीला डेव्हिड क्रॉकेट. मालकांच्या घरातलाच माणूस, पण हॉर्समेनने कोणाला धरलं की त्याचा आवाज चिरकतो आणि कॉमेंटरी सोडून तो गयावया करायला लागतो.

अर्धवट_पैलवान

ठरलं. या शनिवारी पिंजरा आणि भाषण, रविवारी आय क्विट. बायकोला सांगितलंय की जुनी ऐतिहासिक मालिका बघतोय.

खवचट

रोमा राहिला.