सत्य घटनेवरचे स्वस्तातले भयपट: 'टेक्सास चेन सॉ मॅसॅकर'मध्ये खरं किती, आणि तो चित्रित कसा केला?

प्रश्न (रात्रपाळी): 1974 चा हा सिनेमा सत्य घटनेवर आहे असं सगळीकडे लिहितात. खरं किती? आणि 16 एमएमवर (अरुंद, स्वस्त फिल्मवर), तुटपुंज्या पैशात घरातले प्रसंग इतके कोंदट कसे दिसतात?

जुनी_रिळं: खरं फार थोडं. मूळ विस्कॉन्सिनमधल्या प्लेनफिल्डच्या एड गीनचं. नोव्हेंबर 1957 मध्ये हार्डवेअरच्या दुकानाची मालकीण बेपत्ता झाली. दुकानातली शेवटची पावती गीनने घेतलेल्या अँटीफ्रीझची (गाडीतलं पाणी गोठू न देणाऱ्या द्रवाची), तिच्यावरून पोलीस त्याच्या शेतातल्या घरी पोचले. कवट्यांचे वाडगे, कातडीचे मुखवटे, माणसाच्या कातडीने मढवलेल्या खुर्च्या. बरंचसं कबरी उकरून आणलेलं. खुनांची कबुली दोनच. यंत्राची करवत नाही, टेक्सास नाही, खुनी कुटुंबही नाही. सिनेमाने उचललं ते मुखवटा आणि घरातलं सामान.

लक्समीटर: कोंदटपणाचं मूळ फिल्ममध्ये आहे. 16 एमएम फुगवून थिएटरसाठी 35 एमएम केलं की ग्रेन (फिल्मचे दाणे) उठतो, म्हणून छायाचित्रकार डॅनियल पर्लने बारीक ग्रेनची, 25 एएसएची (एएसए म्हणजे फिल्मची प्रकाशाला संवेदनशीलता) एक्टाक्रोम फिल्म घेतली. इतक्या मंद फिल्मला एफ 2.8 वर (लेन्सचं छिद्र बरंच उघडं ठेवूनही) सुमारे 4300 लक्स (प्रकाशाचं माप) लागतात. जेवणाचा प्रसंग रात्रीचा, चित्रीकरण दिवसाही चाललेलं. म्हणजे खिडक्या झाकलेल्या, आत तापलेले दिवे, बाहेर टेक्सासचा उन्हाळा. सिनेमातल्या खुनी कुटुंबाच्या आजोबांचा मेकअप पुन्हा करायचा नव्हता, म्हणून सगळं सलग, सुमारे 26 तास. टेबलावरचं मांस सडलं. चेहऱ्यांवरचा तो थकवा खरा आहे.

हे आज कुणावर लादू नका. आजच्या कॅमेऱ्यात आयएसओ 800 वर (आयएसओ म्हणजे तेच एएसए) त्याच एफ 2.8 ला 135 लक्स पुरतात, खोली तापतच नाही. घामासाठी ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं फवारा. नुसतं पाणी दिव्याखाली लगेच सुकतं आणि पुढच्या शॉटला कंटिन्युइटी (शॉटमागून शॉट सारखा दिसणं) तुटते. दिवा मागून तिरका ठेवा, समोरून ठेवलात तर घाम सपाट दिसतो.

पडद्यामागे: यात 'हेन्री: पोर्ट्रेट ऑफ अ सीरियल किलर' जोडा. शिकागो, 16 एमएम, अंदाजे 1,10,000 डॉलर. आधार हेन्री ली लुकास या खऱ्या खुन्याचा. त्याच्या शेकडो कबुल्यांपैकी बऱ्याचशा खोट्या निघाल्या, तेव्हा इथेही 'सत्य' जपूनच म्हणा. सुरुवातीला फक्त निश्चल प्रेतं दिसतात, खून ऐकू येतो. मारामारी नाही, इफेक्ट नाही, खर्च नाही. हे करायचं तर किंकाळ्या शांत खोलीत वेगळ्या रेकॉर्ड करा, आणि प्रत्येक लोकेशनचा निदान 30 सेकंद नुसता रूम टोन (कुणी न बोलता त्या जागेचा आवाज) घ्या. तो नसला की आवाज चित्रावर चिकटवल्यासारखा वाटतो.