३०४ स्टेनलेस स्टीलची नळी चुंबकाने आतून पॉलिश होते का?

‘३०४ स्टेनलेसला चुंबक चिकटतच नाही, मग त्याने पॉलिश कसं होणार?’ असं काही जण विचारतात, पण तो मुद्दा मला पटत नाही. चुंबकाने धरायचं असतं ते पावडरीला, नळीला नव्हे. लोखंडाची भुकटी आणि सिलिकॉन कार्बाइड (घासणारी कठीण पावडर) थोड्या तेलात कालवून नळीत घातलं आणि बाहेरून चुंबक लावले, की आत मऊ ब्रशसारखा गोळा तयार होतो. नळी फिरवली की तो घासत राहतो. ३०४ मधून चुंबकीय क्षेत्र आरपार जातं, म्हणून उलट तीच सोयीची. साध्या लोखंडी नळीची भिंत क्षेत्र स्वतःतच ओढून घेते आणि आतली पकड ढिली पडते. मात्र हा ब्रश पृष्ठभागाच्या वळणानेच चालतो, त्यामुळे खोल ओरखडे किंवा वाकडेपणा त्याने जात नाही.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे नंतरची धुलाई. आमच्या पहिल्या नळ्या आतून सुरेख चकाकत होत्या, पण चारच दिवसांत त्यांवर तांबूस ठिपके आले. स्टेनलेस गंजलं नव्हतं, त्यात रुतून राहिलेले लोखंडाचे कण गंजले होते. तेव्हापासून आधी तेल काढून, घासून धुऊन, मग सायट्रिक ॲसिडने पॅसिव्हेशन (पृष्ठभागावरचं सुटं लोखंड काढून गंजरोधक थर नीट बसू देणं) केल्याशिवाय एकही नळी आम्ही बाहेर पाठवत नाही.