हार्मोनचं इंजेक्शन देताना साखरेचं का सांगत नाहीत?

मीठभाकर:
बाबा ७१ वर्षांचे. प्रोस्टेटचा कॅन्सर, दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडचं, म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बंद पाडणारं इंजेक्शन. पीएसए (या कॅन्सरचा रक्तातला आकडा) झकास खाली आला. पण सव्वा वर्षात पोट सुटलं, दंड-मांड्या वाळल्या आणि कधी नव्हती ती साखर निघाली. एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ७.८. आधी कुणी साखर तपासली नाही की त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. हे आधीच सांगायला नको?

बोरूबहाद्दर:
सांगून काय केलं असतंत? माझ्या सासऱ्यांच्या मणक्यात उतरला होता, कूस बदलवत नव्हती. इंजेक्शननंतर दोनेक महिन्यांत काठी टेकत देवळात जायला लागले. अशा माणसाला साखरेचं भय घालायचं? आमच्या आळीतले एकजण असंच काहीबाही वाचून इंजेक्शन सोडून काढ्यांवर गेले. पुढचं सांगत नाही.

चष्मेवाली:
भय वेगळं, माहिती वेगळी. टेस्टोस्टेरॉन आटलं की स्नायू घटतात, चरबी वाढते, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ७३ हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशी इंजेक्शनं घेणाऱ्यांत मधुमेहाचा धोका सुमारे ४४ टक्क्यांनी जास्त निघाला. २०१० मध्ये तिथल्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारं सरकारी खातं) मधुमेह आणि हृदयविकाराचा इशारा लेबलवर छापायला लावला. छापलेलं तोंडाने सांगायला काय जातं?

बोरूबहाद्दर:
अर्धंच सांगताय. २०११ मध्ये अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले, त्यात हृदयविकाराचे मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. जास्त जोखमीच्या कॅन्सरमध्ये तर एकूण मृत्यूच कमी झाले.

चष्मेवाली:
मृत्यूंचं मान्य. पण माणूस जगणार आहे म्हणूनच तर साखर बघायची ना?

वाटसरू:
आम्ही ही भानगडच ठेवली नाही. ऑपरेशन करून वृषणं काढली, एकदाच काय तो खर्च. औषधच नाही तर साइड इफेक्ट कुठले?

चष्मेवाली:
नाही हो! टेस्टोस्टेरॉन जातं ते जातंच, सुरीने जावो की सुईने. इंजेक्शन निदान थांबवता तरी येतं. साखर, कोलेस्टेरॉल, बीपी तुम्हीही तपासून घ्या.

वाटसरू:
अरेच्चा. हे आम्हालाही कुणी बोललं नव्हतं.

मीठभाकर:
बघा बोरूकाका! इंजेक्शन सोडा असं मी म्हटलंच नाही, पुढचं परवा आहे. आता साखरेची गोळी मेटफॉर्मिन चालू आहे, रोज जिना चढणं आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. चहातली साखर बंद केली तर बाबा म्हणतात, "कॅन्सर झाला तेव्हा एवढी बोलणी बसली नव्हती!"