घरात कुत्री आहे, कुंडीत काय लावू?

कांदाभजी:
ठाण्यात सातव्या मजल्यावर राहतो. बाल्कनी पूर्वेला, ऊन सकाळी दहापर्यंतच. गल्लीतलं पिल्लू घरी आणलंय, नाव बुंदी, वय ७ महिने, दात सतत शिवशिवतात. चपला झाल्या, केरसुणी झाली, परवा मनीप्लांटचं पान चावलं. तोंडातून लाळेची तार आणि पंज्याने थोबाड घासत घरभर. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, झाड हलवा. आईने ते १२ वर्षं वाढवलंय, टाकू देत नाही. कमी उन्हातली, बुंदीने चावली तरी चालतील अशी झाडं सुचवा.

सदाफुली:
माझ्या नावावर जाऊ नका, सदाफुली कुत्र्यांना विषारीच आहे :)
मनीप्लांट अळूच्या भावकीतला. कच्चा अळू घशाला का खाजतो? कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. तेच बुंदीच्या जिभेत टोचले. डिफेनबेकिया, सिंगोनियम, अग्लोनिमा, पीस लिली ही सगळी त्याच घरातली, म्हणजे नर्सरीत 'इनडोअर' म्हणून पुढ्यात ठेवतात त्यातली निम्मी बाद. कोरफड, स्नेक प्लांट आणि जेड वेगळ्या कुळातली, पण त्यांनीही उलट्या-जुलाब होतात.
तुमच्या उन्हात अरेका पाम, बोस्टन फर्न, कॅलेथिया आणि स्पायडर प्लांट मजेत राहतील. कोरफडीसारखं काही हवंच असेल तर हॉवर्थिया घ्या. दिसायला तिची धाकटी बहीण, पण निरुपद्रवी.

गच्चीकर:
अरेकाला +१. फक्त पाम म्हणून सायकस गळ्यात मारून घेऊ नका. मला एका नर्सरीवाल्याने "छोटा पाम, मस्त वाढतो" म्हणून दिला होता. ताठ, टोकदार पानं आणि खाली अननसासारखा बुंधा दिसला की समजायचं. त्याने यकृत निकामी होऊन कुत्रा दगावू शकतो. बिया सर्वात वाईट.

जोशीबुवा:
तुळस. आमचा लाल्या रोज वृंदावनाला फेरी मारून एक पान खातो. आजवर काही झालं नाही.

मातीचे_पाय:
सगळे पानांवर बोलताय, कुंडीतल्या खताचं काय? आमच्या लॅब्रॅडॉरने गुलाबाला हात लावला नाही, माती उकरून खाल्ली. तिच्यात एरंडीची पेंड होती, सोबत हाडांचा चुरा. चुऱ्याच्या वासाला कुत्रं हमखास येतं आणि पेंडीत रिसिन नावाचं विष असू शकतं. रक्ताचे जुलाब, चार दिवस सलाईन. वाचला. तयार माती घेताना आत काय कालवलंय ते विचारा, आम्ही आता फक्त गांडूळखत घालतो.
आणि घरगुती उपाय म्हणून मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्यानेच जीव जाऊ शकतो. तोंड साध्या पाण्याने धुवायचं, चावलेल्या पानाचा फोटो काढायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा.

कांदाभजी:
मातीचं डोक्यातच नव्हतं. आत्ता बघितलं, मोगऱ्याच्या कुंडीत पेंडच निघाली, ती माती उद्या बदलतो. दोन अरेका आणि एक फर्न आणतोय. मनीप्लांट आईच्या खोलीत कपाटावर गेला. एक वेल मात्र खाली लोंबतेय आणि बुंदी तिच्या बरोबर खाली बसून वर बघतेय. कात्री शोधतोय.