दंडाआधी जमिनीकडे बघा

वर एकांनी लिहिलंय, की हेल्मेट न घालणाऱ्याला दंड लावला की गोदामातले अपघात थांबतात. दंडाला माझा विरोध नाही, पण सुरुवात जमिनीपासून करा.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कास्टिंगच्या, म्हणजे धातूच्या ओतीव भागांच्या, गोदामात सुपरवायझर आहे. गेल्या पावसाळ्यात ट्रकच्या ताडपत्रीचं पाणी शटरजवळ सांडलं होतं. फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलून नेणारी गाडी, वळताना घसरली आणि तिचा मागचा भाग आमच्या हमालमामांच्या पायाला अगदी चाटून गेला. मामांच्या डोक्यावर हेल्मेट होतं की! फोर्कलिफ्टची मागची चाकं वळतात, त्यामुळे तिचं शेपूट बाहेर झोकतं. बाजूला उभ्या माणसाला हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्याच दिवशी जागा सुकवून पिवळे पट्टे मारले, माणसांची वाट वेगळी केली.

गाडी चालताना फोर्क, म्हणजे माल उचलणारे पुढचे दोन दांडे, जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटरच वर ठेवायचे, मालामुळे समोरचं दिसत नसेल तर रिव्हर्सने जायचं, हे ड्रायव्हरला रोज सांगावं लागतं. तुटक्या फळीचं पॅलेट, म्हणजे माल रचायची लाकडी चौकट, मी रॅकवर चढूच देत नाही.

आणखी एक. थोडक्यात हुकलेला अपघात पोरं लपवतात, कारण सांगितलं की ओरडा बसतो. म्हणून मी चहाच्या वेळी विचारतो, "आज काय हुकलं रे?" एका पोरानं असंच सांगितलं, धक्का बसून तिसऱ्या रॅकचा पाय वाकलाय. वरचा सगळा माल आम्ही लगेच उतरवून घेतला. त्या पोराला मी सगळ्यांसमोर शाबासकी दिली.