प्रतिसाद: माइक नाही म्हणून सनई चालेल?

लॉनवरच्या लग्नात माइक लावला नाही तर सनई चालेल ना, असं विचारलंय. पण माइक नसला म्हणून सनई-चौघडा हळू वाजत नाही. उघड्या लॉनवर सनई कुंपणापार सहज जाते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्री १० नंतर ४५. मोजमाप मंचाजवळ नाही, हद्दीवर होतं.

मुहूर्तापुरती सनई हॉलच्या आत ठेवा. जेवणाला बासरी-संतूर आणि तबला पुरे. दोन मोठ्या स्पीकरांऐवजी चार-सहा छोटे, पाहुण्यांजवळ, तोंडं आतल्या बाजूला. सबवूफर (फक्त बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, देणारा स्पीकर) नकोच, कारण बास भिंतीतून जातो आणि शेजारी तक्रारीचा फोन करतात तो त्याच्यामुळेच. साउंडचेकला कुंपणापाशी उभं राहून ऐका. वरातीचा उशीर धरून कलाकारांना संपवायची वेळ साडेनऊ अशी लेखी द्या, नाहीतर भैरवी दहालाच सुरू होते!